गल्लीभर लाकूड, आमच्या घरी प्लास्टिक

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. रंध्याखालचा भुसा कसा, सकाळी झाडून काढावा आणि दुपारी पाहावं तर उंबऱ्यात, उशीखाली, पदराच्या टोकाला पुन्हा आहेच! आमच्या घरात भुसाही होता आणि किस्सेही होते. भुसा मी झाडला. किस्से राहिले.

आम्ही धुळ्याला, देवपुरात राहायचो. आमच्या मालकांना सगळी गल्ली आबा म्हणायची आणि मला अक्का. आबा मिलमध्ये सुतार होते. जन्मभर मागाची मोडकी लाकडं सांधली. रिटायर झाले आणि त्यांचे हात शिवशिवायला लागले. ओट्यावर पाय पसरून बसायचे, हातात लाकूड कोरायची पटाशी, आणि गल्लीतून कोणाची प्लास्टिकची बादली गेली की तिच्याकडे असे बघायचे, जसं मांजर चिमणीकडे बघतं.

आणि घरात बघाल तर सगळं प्लास्टिकच! आमचा प्रकाश जळगावला प्लास्टिकच्या चटया बनवायच्या कारखान्यात लागला होता. दर खेपेला काहीतरी घेऊन यायचा. नव्वद सालाच्या आगेमागे प्लास्टिकची फार नवलाई होती बघा. बायका बोहारणीला चांगली काठाची लुगडी द्यायच्या आणि एक टब घ्यायच्या, त्यासाठीसुद्धा तासभर घासाघीस. मला मात्र सगळं घरबसल्या. टब, बादल्या, डबे, बरण्या. नुसते मगच सहा होते, सहा रंगांचे! हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी माझी मोरी बघायच्या आणि मग वाण घ्यायच्या. माझ्यावर जळायच्या. फार बरं वाटायचं.

ते सुख आमच्याच म्हाताऱ्यानं घालवलं.

*

सुरुवात झाली शेजारच्या कमलपासून. कमल माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला गोड, आणि डोळ्यांत पाणी आणायला तिला कांदा लागत नाही.

एके दिवशी सकाळी तिनं प्लास्टिकचा मग तापलेल्या बंबाच्या डोक्यावर ठेवला आणि दूधवाल्याशी बोलत बसली. परत येऊन बघते तर मगाचा डोसा झालेला! तो डोसा हातात धरून ती आमच्या ओट्याशी आली आणि रडायला लागली.

"आबा, महिनाही नाही झाला हो घेऊन!"

आबांनी तो डोसा उलटापालटा केला, हुंगला आणि नाक मुरडलं. मग आंब्याचा एक ओंडका काढला. चार दिवस ठोकठोक, कोरकोर. पाचव्या दिवशी कमलच्या हातात लाकडी मग! साधासुधा नाही. दांडा म्हणजे मोराची मान. वर तुरा. डोळासुद्धा कोरलेला!

ती बया तो मग घेऊन गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. तिच्या घराला जायला माझ्या दारावरून जावं लागत नाही, तरी तीनदा गेली.

"अक्का, बघा ना, आबांनी माझ्यासाठी केला!"

'केला' म्हणाली असती तर मी काही बोलले नसते. 'माझ्यासाठी' कशाला म्हणायचं?

आबा ओट्यावरूनच मला म्हणाले, "तुले पाहिजे का? मांग. लगेच करी दिसू." मिलमध्ये साहेबांशी मराठी बोलून बोलून दमलेला माणूस, घरी आणि गल्लीत अहिराणीच बोलायचा.

आता चार बायका उभ्या. त्यांच्या देखत मी मागू? मी म्हटलं, "माझ्याकडे सहा आहेत. सहा रंगांचे! मला लाकूडबिकूड नको."

"बरं," आबा म्हणाले. "मांगाबिगर मी देवाव नही."

"आणि मी मागणार नाही!"

झालं. त्या दिवसापासून गल्लीतल्या घराघरातून प्लास्टिक जायला लागलं आणि लाकूड यायला लागलं. आमचं घर सोडून.

खरं सांगायचं तर मग मला नकोच होता. मला काठवट हवी होती. काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. आमच्याकडे कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. ते पीठ तळहाताच्या टाचेनं रगडावं लागतं आणि प्लास्टिकचं टोपलं फरशीवर घसरत सुटतं. जड, बुडाला पक्की, आबांच्या हातची एक काठवट. आणि न मागता मिळालेली. बस्स. एवढंच.

*

आमच्या समोर केसरबाई राहायची. तिची सून सुनंदा नवी नवी आलेली. सासू-सुनेचं जमायचं म्हणजे विस्तवाचं आणि रॉकेलचं जमतं तसं. सुनंदानं प्लास्टिकचा डाव गरम वरणात ठेवला, तो वाकडा झाला. लगेच गेली आबांकडे. आबांनी कडुलिंबाच्या फांदीचा डाव कोरून दिला आणि बजावलं, आठ दिवस पाण्यात भिजत ठेव, मग तेल लाव, मग वापर.

नव्या सुनेला आठ दिवसांचा धीर कुठला? तिनं त्याच संध्याकाळी वरण ढवळलं.

केसरबाईनं पहिला घास घेतला आणि उठून उभी राहिली. "विष घातलं! मला सुनेनं विष घातलं!" गल्ली गोळा झाली. मीही गेले, अशा वेळी घरी बसून कसं चालेल! आबांनी बोट बुडवून वरण चाटलं आणि म्हणाले, "इख नही शे. लिंब शे."

सुनंदा दाराआड गेली. केसरबाई खाली बसली, विचार केला, आणि म्हणाली, "म्हणजे डॉक्टरनं मला साखरेसाठी जे कडू खायला सांगितलंय, तेच का हे?"

"तेच समज," आबा म्हणाले.

"मग मला दुसरा एक करून द्या. आमटीसाठी."

त्या दिवसापासून सासू-सून एका ताटात जेवायच्या. मी जन्मभर गोड स्वयंपाक केला, कोणी कधी दोन डाव मागून घेतलं नाही. आणि ह्या म्हाताऱ्याचं कडू वरण गल्लीनं वाखाणलं!

*

गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं, राजस्थानकडच्या शेठजींचं. शेठाणी वर माडीवर. तिला तुटक्या प्लास्टिकच्या साबणदाणीचा राग आला आणि तिनं आबांकडून शिसवाची साबणदाणी करून घेतली. सरकतं झाकण, झाकणावर कमळ. कमळ! मी ते पाहिलं आणि दोन दिवस आबांशी बोलले नाही. त्यांना कळलंही नाही, ते शेठाणीच्या दुसऱ्या डबीवर पाकळ्या काढत होते.

एका सकाळी शेठाणी खिडकीतून ओरडायला लागली. "आबाजी! जल्दी आओ! शेठजी अंदर अटक गए!"

आबा पटाशी घेऊन धावले. इतके जोरात धावताना मी त्यांना लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. जाऊन बघतात तर शेठजी मोरीत ओले, डोक्यावरून पाणी गळतंय, आणि अडकलेला कोण, तर साबण! पाण्यानं लाकूड फुगलं, झाकण बसलं ते बसलंच. शेठजी डबी फरशीवर आपटत होते.

आबा कळवळले. "ओ शेठजी! मारू नका, कमळ फुटी जाई!"

शेठजी म्हणाले, "आबा, कमळ राहू द्या, मला साबण द्या!"

डबी उघडली, आंघोळ झाली, वर शेठजींनी दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं, "अशी डबी पाहिली नाही. माल आत गेला की मालकाच्या हातालाही लागत नाही!"

सगळे हसले. मी नाही हसले. आमच्या मोरीच्या दाराला कित्येक वर्षं कडी नव्हती. आत गेलं की माणसानं खाकरत बसायचं. शेठाणीनं हाक मारली की आबा पटाशी घेऊन पळत, आणि मी आत खाकरतेय तर म्हणत, "खोकला झाला का तुले? काढा ले."

*

कमलच्या बादलीचा किस्सा सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही.

मगावर तिचं भागलं नाही. आबांनी तिला बादली करून दिली. लाकडाच्या उभ्या पट्ट्या, बाहेरून लोखंडी कड्या, थेंब गळत नाही! पण अशा बादलीचं एक असतं, ती ओली ठेवावी लागते. वाळली की संपली. आबांनी कमलला हे सांगितलं होतं.

आखाजीला कमल माहेरी गेली, शिरपूरला. आमच्याकडे आखाजी म्हणजे दिवाळीहून मोठी, लेकी माहेरी जातात, झोके बांधतात. जाताना कमलनं बादली घासून, पुसून, लख्ख करून मागच्या अंगणात पालथी घातली. उन्हात. धुळ्याचं वैशाखाचं ऊन! अंगणाला कुलूप लावलं, म्हणे कोणी नजर लावायला नको.

ती परत आली आणि पुन्हा रडं ऐकू आलं. मी भिंतीवरून डोकावले. कड्या जमिनीवर पडलेल्या आणि पट्ट्या चारी बाजूंनी उघडून पसरलेल्या, केळफूल सोलून ठेवावं तशा!

मी घरात आले आणि गुळाचा खडा तोंडात टाकला.

पण माझं नशीब बघा. आबांनी त्या पट्ट्या गोळा केल्या, पुन्हा बसवल्या, कड्या ठोकल्या, पाण्यात मुरवल्या, आणि या खेपेला वरून वेलबुट्टीही कोरली. कमल माझ्या दारात येऊन म्हणते कशी, "अक्का, आबांनी दुसऱ्यांदा केली हो माझ्यासाठी!"

एका बाईला एकच बादली दोनदा. आणि मला एकदाही काही नाही.

*

प्रकाश जळगावहून आला की बापलेकांचं जुंपायचं. एकदा तो बापाला खूश करायला म्हणून एक पाट घेऊन आला. तपकिरी रंगाचा, वर लाकडाच्या रेघा, गाठीसुद्धा काढलेल्या. पण होता प्लास्टिकचा.

"आबा, बघा! आता दोघांचंही झालं. दिसायला लाकूड, वापरायला प्लास्टिक!"

आबांनी पाटावर बोटानं टकटक केलं. मग उंबऱ्यावर टकटक केलं. "आवाज ऐक. लाकूड बोलस. हाई खोकस."

"आबा, गिऱ्हाइकाला आवाजाशी काय करायचंय? दिसायला छान पाहिजे."

"मंग भाकरनं चित्र काढ अन् खाय," आबा म्हणाले.

पोराची बाजू कोणी घ्यायची? मीच. मी म्हटलं, "अहो, जरा उठा बघू."

"कसाले?"

"उठा तर!"

ते उठले. त्यांच्याखाली प्रकाशच्याच कारखान्याची हिरवी चटई होती. वर्षभर रोज तिच्यावरच बसून कोरायचे. भुसा चिकटत नाही, झटकली की साफ, म्हणून!

मी म्हटलं, "प्लास्टिकवर बसून प्लास्टिकला शिव्या! बसा आता."

प्रकाश इतका हसला की त्याचा चहा सांडला. आबांनी चटई झटकली, उलटी घातली आणि तिच्यावरच बसले.

*

गल्लीतल्या पोरी आखाजीला गौराई बसवायच्या. आमच्या खान्देशात गौराई लाकडाची असते. जुनी होती तिला वाळवी लागली, तर बादलीच्या पुढल्या वर्षी पोरींनी बाजारातून प्लास्टिकची बाहुली आणली आणि तिलाच टोपलीत बसवलं. आबांनी ते पाहिलं. "देवबी प्लास्टिकना?" एवढंच म्हणाले आणि सागाचा तुकडा घेऊन बसले.

गौराई झाली. नथ, पदर, कपाळावर चंद्रकोर. पोरींनी तिला सांजोऱ्यांची माळ घातली आणि एक कार्टी ओरडली, "अय्या, ही तर कमलकाकूसारखी दिसते!"

सगळ्यांनी बघितलं. खरंच दिसत होती! तेच गोल गाल, तेच बसकं नाक. बादलीच्या धास्तीनं त्या वर्षी माहेरी न गेलेली कमल लाजून पदर दातात धरून उभी. माझ्या पायाखालची फरशी तापली.

घरी आल्यावर मी ताट आपटलं. "गौराईला दुसरं तोंड मिळालं नाही का?"

आबा शांतपणे म्हणाले, "नाक चांगलं सरळ व्हतं. पटाशी सटकनी, उडी गयं. मंग जे उरनं ते घासं."

मी जेवण तसंच ठेवलं, चपला घातल्या आणि कमलच्या घरी गेले. "कमल, आबा सांगत होते, लाकडाचं नाक तुटलं ना, तेव्हा कुठं तुझा चेहरा जमला!"

परत येऊन मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

*

मागणार नाही म्हणजे नाही. पण सुचवायला काय हरकत आहे? आबा ओट्यावर बसले की मी दारातच पीठ मळायला बसायचे. प्लास्टिकचं टोपलं घ्यायचं आणि मुद्दाम जोर लावायचा. टोपलं फरशीवरून सर्रकन घसरत जायचं, थेट आबांच्या पायाशी. आबा मान वर न करता पायानं परत ढकलायचे. मी पुन्हा रगडायचे. टोपलं पुन्हा त्यांच्याकडे. ते पुन्हा ढकलायचे. येणारे-जाणारे थांबून बघायचे.

एकदा आबा म्हणाले, "काय म्हणनं शे?"

"माझं कुठं काय म्हणणं आहे? टोपल्याचं असेल."

"मंग टोपल्याले सांग मांगाले."

कमल भिंतीपलीकडे खिदळली. त्या रात्री मी भाकरी केल्याच नाहीत. खिचडी टाकली. खिचडीला काठवट लागत नाही.

*

आमची लेक मुक्ताईनगरजवळच्या खेड्यात दिली आहे. केळीच्या बागा, घर भरलेलं. मुक्ताबाईच्या यात्रेला तिनं मला बोलावून घेतलं. दर्शन झालं, प्रसाद झाला, आणि बाहेर एका ताडपत्रीखाली लाकडी सामानाचा ढीग दिसला. पोळपाट, लाटणी, रव्या, आणि काठवटी! एकात एक घातलेल्या, डोक्याइतक्या उंच.

मी थांबले. लेक म्हणाली, "माय, घरात सुतार असताना विकत घेणार?"

"घरात सुतार आहे, म्हणूनच विकत घ्यायची वेळ आली," मी म्हटलं.

ढिगातली सगळ्यात मोठी काढली. मांडीवर घेतली तर गुडघे दिसेनात. विकणाऱ्याला विचारलं, "कोणी केली रे ही?"

"काय माहीत अक्का, टेम्पो भरून येतात. आम्ही नुसतं विकतो."

एसटीत ती मांडीवर घेऊन धुळ्यापर्यंत आले. कंडक्टर म्हणाला, "अक्का, हिचं अर्धं तिकीट फाडू का?" मी म्हटलं, "पूर्ण फाड. हिला घरात मान मिळायचाय."

घरी आले. आबा ओट्यावर होते. मी दारातच बसले, काठवटीत पीठ घेतलं आणि मळायला लागले. काठवट जागची हलली नाही.

पटाशीचा आवाज थांबला.

"हाई कोनी बनाडी?"

"असेल कोणी."

"कोन?"

"तुम्हाला काय करायचंय? तुमच्याकडे मागितली का मी?"

ते उठून आले. पिठासकट काठवट त्यांनी कलती केली, बुडाला बोट फिरवलं, कडेवर टकटक केलं, डोळा बारीक करून आतून पाहिलं. मग म्हणाले, "डावखुरा शे."

"कोण?"

"ज्यानी बनाडी तो. घाव उलटा बाजूथीन शेत."

त्या दिवशी आबा जेवायला बसले. अर्धी भाकरी खाल्ली आणि ताट सारलं. म्हणे घशात अडकते. माझ्या घशातून मात्र भाकरी अशी उतरली, काय सांगू!

दुसऱ्या दिवसापासून आबांना बाहेर कामं निघायला लागली. टोपी घालायची आणि जायचं. आज जुन्या धुळ्यात, उद्या आग्रा रोडला. पानवाल्यानं मला सांगितलं, "अक्का, आबा सगळ्या सुतारांच्या दुकानासमोर उभे राहतात आणि त्यांच्या हातांकडे बघतात." एका सुताराला तर म्हणे यांनी चहा पाजला, तो पेला कोणत्या हातानं उचलतो ते पाहायला! उजव्या हातानं उचलला. चहा फुकट गेला.

गल्लीत कुणकुण लागलीच. शेठाणी आली, काठवट बघून गेली. केसरबाई आली, बघून गेली. आणि मग कमल आली. काठवटीच्या कडेवरून हात फिरवला. एवढं मोठं तिच्याकडे काहीच नव्हतं.

"अक्का, कोणी दिली हो?"

मी पीठ मळत राहिले. "आहे एक जण."

"आमच्या ओळखीचा आहे का?"

"तुझ्या? नाही गं. तुझ्या कसा ओळखीचा असणार?"

तिचं तोंड बघायला हवं होतं! गौराईचं नाकसुद्धा त्याहून सरळ होतं.

एकदा संध्याकाळी आबांनी मला विचारलं, "तो अजून बनाडी देस का तुले?"

"मी मागितलं तर देईल," मी म्हटलं. "पण मला मागायची सवय नाही, तुम्हाला माहीत आहे."

आबा भिंतीकडे तोंड करून झोपले.

मग एका दुपारी मी शेठजींच्या दुकानातून गूळ आणायला गेले होते. शेठाणीनं वर बोलावलं, पापड दाखवले, बोलता बोलता दुपार उतरली. परत येते तर आमच्या ओट्यापाशी बायका गोळा झालेल्या. म्हाताऱ्याला काही झालं की काय!

बायकांना बाजूला सारून पुढे गेले. आबा हिरव्या चटईवर बसलेले. घामानं सदरा अंगाला चिकटलेला. पिंढऱ्यांपर्यंत ढलप्या आणि भुसा. आणि दोन्ही पायांच्या तळव्यांत घट्ट धरलेली माझी काठवट!

आतून कोरली होती. बाहेरून तासली होती. कड उतरवली होती. बूड रंधलं होतं. एवढी मांडीभर काठवट, तिचं आता ताटसुद्धा राहिलं नव्हतं. ताटली म्हणा. पण काय घोटली होती! पिवळी धमक, मऊ, हात लावला तर घसरेल. आणि कडेनं चारी बाजूंनी मोर. नुसती मान नाही, पूर्ण मोर, पिसारे फुलवलेले.

"हे काय केलंत?" मी ओरडले. "अहो, माझी काठवट!"

आबांनी तिच्यात फुंकर मारली. भुसा उडाला. धोतराच्या सोग्यानं आतून पुसली, बाहेरून पुसली आणि सगळ्या बायकांच्या देखत माझ्या हातात ठेवली.

"त्याना हातनं बठ्ठं काढी टाकं," ते म्हणाले. "आते हाई मनी शे."

दुसऱ्याच्या हातचं सगळं गेलं, आता काठवट यांची! कमल पुढे झाली. तिनं मोर मोजले, काठवट वरून पाहिली, खालून पाहिली आणि ओठ मुडपले.

"पण अक्का, एवढ्याशा काठवटीत पीठ मावणार तरी किती?"

मी ती पदराखाली घेतली.

"आमच्या दोघांपुरतं."